डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणते तेव्हा

‘‘अगं, हे फॉरमॅट करायचं का विचारतंय. हो म्हणू?’’

मावशीचा फोन होता. तिने कित्येक महिने बसून घरातले जुने फोटो स्कॅन केले होते आणि ते सगळे एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवले होते. त्या दिवशी डिस्क लावली तर फोटोंऐवजी एक छोटी विंडो उघडली: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं, ‘फॉरमॅट डिस्क’ आणि ‘कॅन्सल’. मी म्हणाले, ‘‘कॅन्सल दाब मावशी. आणि डिस्क काढून बाजूला ठेव, पुन्हा लावून बघू नकोस. मी येते.’’

त्या विंडोतलं वाक्य नीट वाचण्यासारखं आहे. कॉम्प्युटरला डिस्क दिसतेय, पण तिच्यावर काय लिहिलंय ते त्याला कळत नाहीये, एवढाच त्याचा खरा अर्थ. ‘मला वाचता येत नाही’ हे तो ‘फॉरमॅट करावी लागेल’ अशा शब्दांत सांगतो, कारण डिस्क कोरी करून वापरण्याजोगी करण्याचा त्याला ठाऊक असलेला मार्ग तोच आहे. डिस्कवर मावशीचे फोटो आहेत याची त्याला जाणीव नाही. नुसता संदेश दिसल्याने डिस्कवरचं काहीही पुसलं जात नाही. जे बिघडतं ते ‘हो’ म्हटल्यावर बिघडतं.

म्हणून बॅकअपची डिस्क नीट चालेनाशी झाली की पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: या डिस्कवर जे आहे ते आणखी कुठे आहे का? असेल, म्हणजे मूळ फाइली कॉम्प्युटरवर सुखरूप असतील, तर तुम्ही मोकळे आहात. डिस्क पुसा, तपासा, पुन्हा बॅकअप घ्या. पण फाइली फक्त याच डिस्कवर असतील तर तिला बॅकअप म्हणणंच चूक, ती मूळ प्रत आहे, आणि मूळ प्रत हातात असताना दुरुस्तीची घाई करायची नसते. कॉम्प्युटरमध्ये जागा व्हावी म्हणून फाइली ‘बॅकअपला’ हलवायच्या आणि मूळच्या काढून टाकायच्या, असं कितीतरी घरांत चालतं. मावशीनेही तेच केलं होतं.

बिघाड तीन ठिकाणी असू शकतो. एक, डिस्कपर्यंत वीज आणि माहिती पोचवणारी वाट, म्हणजे केबल, पोर्ट, आणि एका पोर्टला अनेक गोष्टी जोडू देणारा हब. दोन, डिस्क हे यंत्र. आणि तीन, डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदी. फॉरमॅट मारल्याने यांतली फक्त तिसरी गोष्ट सुधारते. केबल खराब असेल तर फॉरमॅट निम्म्यात अडकेल, आणि यंत्र खराब असेल तर फॉरमॅट त्याला आणखी दमवेल. तरी डिस्क अडली की लोकांचा हात सगळ्यात आधी फॉरमॅटकडे जातो. दुखणं पायाला आणि मलम डोक्याला, असला प्रकार होतो मग.

आधी केबल

मावशीकडे पोचल्यावर मी डिस्क हातात घेऊन लावली. दिवा लागला. आत फिरणं सुरू झाल्याची बारीक थरथर तळहाताला जाणवली, मग ‘टिक’ असा आवाज, पुन्हा थरथर, पुन्हा ‘टिक’, आणि डिस्क स्क्रीनवरून गायब. डिस्क गेली असंच कुणालाही वाटलं असतं. पण केबल डिस्कभोवती घट्ट गुंडाळून ठेवलेली होती आणि पिनेपाशी ती कायमची वाकली होती. शिवाय मावशीने ती थेट कॉम्प्युटरला न लावता एका हबला लावली होती, आणि त्याच हबवर कीबोर्ड, माउस आणि चार्जिंगला लावलेला मोबाइलही होता. मी माझ्याकडची दुसरी, आखूड केबल काढली आणि डिस्क थेट मागच्या पोर्टला लावली. थरथर सुरू झाली ती थांबली नाही. दहा-बारा सेकंदांत फोल्डर उघडलं. मावशी काही बोलली नाही, नुसती खुर्चीत मागे टेकून बसली.

यामागचं कारण साधं आहे. अडीच इंची एक्स्टर्नल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. डिस्क एकदा फिरायला लागली की तिची गरज भागते, पण आतल्या, माहिती साठवणाऱ्या थांबलेल्या चकत्या वेगात आणताना तिला नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज लागते. नेमक्या त्या क्षणी हबवर भार असेल किंवा केबल लांब आणि बारीक असेल, तर वीज अपुरी पडते, डिस्क आपलं हेड, म्हणजे चकत्या वाचणारा भाग, मागे घेते आणि पुन्हा सुरुवात करते. ती ‘टिक’ याचीच असते. खरोखर बिघडलेल्या डिस्कची टिकटिक कानाला अगदी तशीच लागते, म्हणून केबल आणि पोर्ट बदलून पाहिल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये.

बऱ्याच डिस्कांना ती रुंद, मध्ये खाच असलेली यूएसबी ३.० ची पिन असते. ती लवकर सैल होते. अर्धवट बसली तर डिस्क दिसते पण वाचताना चुका येतात, आणि कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करावी लागेल’ म्हणायला मोकळा होतो. टाइप-सी केबल असेल तर ती फक्त चार्जिंगची तर नाही ना तेही बघा, तसल्या केबलीत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा, बहुधा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, तो बदलून बघता येतो. पण व्होल्टेज आणि पिनेची बाजू जुळल्याशिवाय दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर लावू नका.

दुसरी केबल, दुसरा पोर्ट, जमलं तर दुसरा कॉम्प्युटर. एवढं करूनही टिकटिक चालूच राहिली, किंवा खरवडल्यासारखा आवाज आला, तर डिस्क लगेच काढा. हे मी कळकळीने सांगते. आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग म्हणा. ते हेड वाकलं किंवा टेकलं असेल तर डिस्क चालू ठेवण्याचा प्रत्येक सेकंद चुंबकीय थर खरवडत असतो. ‘एकदा बघू तर’ म्हणत दहा वेळा लावली की जे मिळण्यासारखं होतं तेही जातं. अशी डिस्क घरी उघडायची नाही, धुळीचा एक कण तिला पुरतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्लाही ऐकू नका, बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं. फाइली मोलाच्या असतील तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या, नसतील तर डिस्क सोडून द्या.

डिस्क दिसते, पण उघडत नाही

केबलीचा प्रश्न मिटला आणि डिस्क शांतपणे फिरतेय, तरी ‘धिस पीसी’मध्ये ती येत नाही. मग तिथे शोधत बसू नका. विंडोजच्या स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करा आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’, लिनक्सवर ‘डिस्क्स’. कॉम्प्युटरला डिस्क कशी दिसतेय ते इथे उघड होतं.

खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. पट्टीच्या माथ्यावर निळी कड असेल आणि आत ‘हेल्दी’ लिहिलं असेल, पण ड्राइव्हचं अक्षर नसेल, तर बिघाड काहीच नाही. राइट-क्लिक करून अक्षर द्यायचं, काम झालं. ‘ऑफलाइन’ लिहिलं असेल तर डाव्या बाजूच्या नावावर राइट-क्लिक करून ‘ऑनलाइन’ करायचं. माथ्यावर काळी कड आणि ‘अनअलोकेटेड’ असेल तर पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर आखलेल्या भागाची, नोंद हरवली आहे. ‘रॉ’ असेल तर पार्टिशन आहे, पण आतल्या नोंदी वाचता येत नाहीत.

‘रॉ’ दिसलं म्हणून लगेच धीर सोडू नका, आधी ती डिस्क कुणाची ते आठवा. मॅकवर तयार केलेली डिस्क विंडोजला लावली तर विंडोजला ती वाचता येत नाही. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीच्या डिस्कचंही तेच. डिस्क धडधाकट असते, फक्त लिपी अनोळखी असते. आणि तिथेही विंडोज कधी कधी तेच विचारतं, फॉरमॅट करू का? पूर्णपणे चांगली डिस्क अशी एका क्लिकमध्ये पुसली जाते. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूप लावलेली डिस्क मात्र ओळखू येते, तिच्या चित्रावर कुलूप असतं आणि ती पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मागते. पासवर्ड आणि की दोन्ही हरवले असतील तर आतलं काही मिळत नाही. कुलूप लावण्याचा उद्देशच तो आहे.

आता यंत्राची तब्येत. प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांचा हिशेब ठेवत असते, त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम तो दाखवतो, मॅक आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स. आकड्यांची लांबलचक यादी बघून गांगरू नका, चार ओळी पुरतात. ०५ क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले. सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी६ म्हणजे ज्यांची चूक सुधारताच आली नाही असे. या तिन्हींत शून्य असेल तर उत्तम. सी७ मात्र वेगळी ओळ आहे, तिचा रोख केबलीकडे आणि जोडणीकडे असतो. काही एक्स्टर्नल डिस्कांचा यूएसबीचा भाग हा हिशेब पुढे पाठवतच नाही, तेव्हा यादी रिकामी दिसली तर तो डिस्कचा दोष समजू नका.

सी५ मध्ये आकडा असलेल्या डिस्कवर पूर्ण फॉरमॅट मारला तर तो आकडा पुष्कळदा शून्यावर येतो, कारण लिहिताना डिस्क ते सेक्टर तपासते आणि गरज पडली तर बदलते. ‘बघा, डिस्क दुरुस्त झाली’ असं मग सांगितलं जातं. मला ते पटत नाही. सिनेमे ठेवायला, इकडून तिकडे न्यायला ती डिस्क चालेल. बॅकअपला नाही. मुख्य कॉम्प्युटर गेला त्या दिवशी जिच्यावर भिस्त ठेवायची, तिच्या अंगात आधीपासून दुखणं असेल तर ती बॅकअपच्या कामातून काढा. आठवड्याभरात ०५ चा आकडा वाढलेला दिसला तर त्याच दिवशी.

फाइली काढायच्या असतील तर दुरुस्ती नंतर

इथे बहुतेक लोक ‘चेकडिस्क’ चालवतात. ड्राइव्हवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. हे हत्यार चांगलं आहे, पण ते कशासाठी आहे हे कळायला हवं. नोंदींमधली विसंगती संपवणं हे त्याचं काम. तुमची फाइल वाचवणं हे त्याचं काम नव्हे. एखाद्या नोंदीचा मेळ बसला नाही तर ते ती नोंद सरळ कापून टाकतं आणि उरलेले तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये बेनावाने टाकतं. डिस्क ‘स्वच्छ’ होते आणि फाइल गेलेली असते. त्यातून सेक्टर खराब असतील तर चेकडिस्क त्याच दुखऱ्या जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत तासन्‌तास डिस्क फिरवत ठेवतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नक्कल, मग दुरुस्ती. डिस्क उघडत असेल तर सगळं एकदम ओढून कॉपी करू नका. सगळ्यात मोलाचं आधी, दुसऱ्या जागी कुठेच न मिळणारं. फोटो, लिखाण, हिशेब. डाउनलोड केलेल्या गोष्टी शेवटी, किंवा सोडूनच द्या. डिस्क उघडत नसेल पण शांत फिरत असेल, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू तिची सेक्टर-दर-सेक्टर नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढतं. ते अडलेल्या जागी रेंगाळत नाही, चांगला भाग आधी उरकतं आणि मग अवघड जागांकडे परत येतं. त्यानंतर मूळ डिस्क बाजूला ठेवून नक्कलेवर टेस्टडिस्क चालवा. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं आणि विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या पार्टिशनचा बिघडलेला बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनची ओळख सांगणारा पहिला सेक्टर, त्याच्या राखीव प्रतीवरून पुन्हा लिहितं. ही राखीव प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे ‘रॉ’ झालेली डिस्क कधी कधी काही मिनिटांत जशीच्या तशी परत येते. तेही जमलं नाही तर त्याच्याबरोबर येणारं फोटोरेक आहे. ते नोंदींकडे बघतच नाही, फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या उचलतं. नावं आणि फोल्डर हरवतात, फोटो मिळतात.

मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर उतरवू नका. अजून न सापडलेल्या फाइलींवरच त्या लिहिल्या जातील.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय होतं

एक मोठं ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. कपाटांत लाखो पुस्तकं आणि दाराशी एक नोंदवही: अमुक पुस्तक अमुक कपाटात, तमुक फळीवर. क्विक फॉरमॅट ती नोंदवही उचलून कोरी वही ठेवतो. पुस्तकं जागच्या जागी असतात, पण ग्रंथपालाच्या दृष्टीने सगळी कपाटं रिकामी झाली, तो नवी पुस्तकं कुठेही ठेवायला मोकळा. म्हणून तर चुकून क्विक फॉरमॅट झाल्यावर लगेच हात आवरला तर हार्ड डिस्कवरून बरंच काही परत मिळतं. एसएसडीवर, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, ही आशा धरू नका. तिथे फॉरमॅटबरोबर बहुधा ‘ट्रिम’चा हुकूम जातो आणि ती रिकाम्या ठरलेल्या जागा स्वतःहून साफ करून टाकते.

पूर्ण फॉरमॅट, म्हणजे ‘क्विक’समोरची खूण काढून केलेला, प्रत्येक कपाटाशी जातो. विंडोज व्हिस्टापासून तो सगळीकडे शून्य लिहितो आणि खराब जागांवर खूण करतो. त्यामुळे पुस्तकंही जातात. वेळ लागतो तो किती, ते मोजता येतं: डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर १ टीबीला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. ४ टीबीला अकरा तास. जुन्या किंवा शंका आलेल्या हार्ड डिस्कवर हा वेळ द्यावाच असं माझं मत आहे. रात्री लावून ठेवा, लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करून. हा फॉरमॅट अडकला किंवा चूक झाल्याचा संदेश देऊन थांबला, तर तोच डिस्कचा निकाल. एसएसडीला पूर्ण फॉरमॅटची गरज नाही, क्विक पुरतो.

आता निवडीचा प्रश्न, इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इथेच चुकीचा पर्याय निवडला की ते पुढे वर्षभराने लक्षात येतं.

पहिली निवड पार्टिशनच्या रचनेची, एमबीआर की जीपीटी. एमबीआर १९८३ सालची रचना आहे आणि तिला नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २ टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. ४ टीबीची डिस्क निम्मीच दिसते अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. जीपीटी घ्या. ती आपल्या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवते.

दुसरी निवड फाइल सिस्टिमची, म्हणजे नोंदवही कुठल्या पद्धतीने लिहायची. फॅट३२ जवळजवळ कुठल्याही यंत्रावर चालते, पण ४ जीबीची फाइल तिच्यात मावत नाही. बॅकअपच्या फाइली त्याहून सहज मोठ्या होतात, तेव्हा तिचा विचार सोडा. मग बहुतेक जण एक्सफॅटकडे वळतात: विंडोज वाचतं, मॅक वाचतो, २०१९ पासून लिनक्सच्या गाभ्यातही (कर्नलमध्ये) तिची सोय आहे. डिस्क इकडून तिकडे न्यायला ती उत्तम. बॅकअपला मी ती घेत नाही. एनटीएफएस नोंदवहीत फेरफार करण्याआधी एका कच्च्या वहीत टिपून ठेवते की आता मी हे करणार आहे. मध्येच वीज गेली किंवा कुणाचा पाय केबलला लागला तरी पुढच्या वेळी कच्ची वही बघून ती सावरते. मॅकची एपीएफएस वेगळ्या रीतीने तेच साधते, जुन्या नोंदीवर लिहीतच नाही, नवी नोंद दुसरीकडे पुरी करून मग तिच्याकडे वळते. एक्सफॅटला अशी कच्ची वही नाही. लिहिता लिहिता तुटली तर आहे ती एकच नोंदवही अर्धवट राहते. आणि बॅकअपच्या डिस्कवर तासन्‌तास लिहिणं चालतं, त्या वेळात केबल हलणं ही काही दुर्मीळ घटना नाही.

तेव्हा ज्या कॉम्प्युटरचा बॅकअप, त्याच्या घरची पद्धत. विंडोजला एनटीएफएस, लिनक्सला एक्स्ट४, मॅकला एपीएफएस. मॅकचा बॅकअपचा प्रोग्रॅम, टाइम मशीन, बिग सर या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, एपीएफएस डिस्कवर बॅकअप घेऊ लागलं. त्याआधीच्या मॅकला जुनी ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ द्यावी लागते. घरात मॅक आणि विंडोज दोन्ही असतील तर एका डिस्कची दोन पार्टिशनं करता येतात. पण परवडत असेल तर दोन डिस्का घ्या. एक पडली तर दोन्ही बॅकअप एकदम जाऊ नयेत.

प्रत्यक्ष हात घालताना

सुरुवातीला बाकीच्या सगळ्या एक्स्टर्नल डिस्का आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट मारणं टाळायला याहून सोपा उपाय नाही. मग आकारावरून डिस्क ओळखा. खोक्यावर १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कवरच्या पार्टिशनवर राइट-क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’. पट्टीची कड काळी झाली की डावीकडच्या नावावर राइट-क्लिक करून जीपीटीत बदला, मग काळ्या पट्टीवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’. पुढच्या प्रश्नांत एनटीएफएस, अलोकेशन युनिट ‘डिफॉल्ट’, आणि ‘व्हॉल्यूम लेबल’मध्ये कळेल असं नाव. ‘न्यू व्हॉल्यूम’ ठेवू नका, पुढच्या वेळी डिस्क ओळखायला हेच नाव कामी येतं.

डिलीटचा पर्याय करडा दिसत असेल तर डिस्कपार्ट वापरावं लागतं. ते काळ्या विंडोत हुकूम टाइप करून चालतं. त्यातला ‘क्लीन’ हा हुकूम निवडलेल्या डिस्कचा सगळा तक्ता उडवतो आणि ‘नक्की का?’ असं एकदाही विचारत नाही. ‘लिस्ट डिस्क’ करून क्रमांक बघा, डिस्क काढून पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ करा. जो क्रमांक नाहीसा झाला तो आपला. डिस्क परत लावल्यावर क्रमांक आणि आकार पुन्हा ताडून बघा, मगच ‘क्लीन’.

मॅकवर एकच जागा अडवते. डिस्क युटिलिटी सुरुवातीला फक्त आतली पार्टिशनं दाखवते, म्हणून वरच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. डावीकडे सगळ्यात वरची, डिस्कच्या नावाची ओळ निवडून ‘इरेझ’ दाबलं की ‘स्कीम’चा पर्याय येतो, तिथे ‘गुइड पार्टिशन मॅप’ घ्या.

फॉरमॅटनंतर

कोऱ्या डिस्कवर लगेच पूर्ण बॅकअप लावू नका. आधी वीस-तीस जीबीचं एक फोल्डर कॉपी करा, डिस्क इजेक्ट करून काढा, पुन्हा लावा आणि त्यातल्या चार-दोन फाइली उघडून बघा. केबलीतला चोर असतो तो अशा वेळी सापडतो.

पहिला मोठा बॅकअप सुरुवातीला भरभर आणि मग एकदम रखडत चालला, तर घाबरू नका. स्वस्तातल्या बऱ्याच डिस्का माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवून लिहितात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून भरपूर लिखाण आलं की त्यांचा वेग पडतो. बॅकअपला अशी डिस्क चालते, फक्त पहिल्या वेळी रात्रभर चालू द्यावी लागते.

बॅकअप झाला की डिस्क इजेक्ट करून काढून ठेवा, कायम लावून ठेवू नका. खंडणी मागणारं रॅन्समवेअर कॉम्प्युटरच्या फाइलींना कुलूप लावताना जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही, आणि विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जातात. विंडोज १० च्या २०१८ सालच्या एका अपडेटपासून विंडोज डिस्क चटकन काढता यावी अशा बेताने लिहितं, तरी कॉपी चालू असताना ओढलेली डिस्क बिघडतेच. मॅक आणि लिनक्स लिखाण काही वेळ मेमरीत धरून ठेवतात, तिथे तर इजेक्टला पर्याय नाही. केबल पिनेपाशी न वाकवता, सैल वेटोळं करून ठेवा.

मावशीच्या डिस्कवरचे फोटो आम्ही त्या दिवशी आधी तिच्या कॉम्प्युटरवर घेतले. सहा तास लागले. दुसऱ्या दिवशी नवीन डिस्क आणून तिच्यावर दुसरी प्रत केली, आणि जुनी डिस्क स्मार्टमध्ये निर्दोष निघाल्यामुळे पूर्ण फॉरमॅट मारून तिसरी प्रत तिच्यावर ठेवली. ती आता माझ्या घरी असते. वाकलेली केबल मी कात्रीने कापली, म्हणजे कुणी ती पुन्हा लावणार नाही. दर तीन महिन्यांनी डिस्क घेऊन मी मावशीकडे जाते, नवे फोटो चढवते, आणि निघण्याआधी तिला कुठलंही एक फोल्डर निवडायला सांगते. तिने निवडलेलं फोल्डर आम्ही त्या डिस्कवरून उघडतो. मागच्या खेपेला तिने तिच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाचा फोटो उघडला, आणि त्यातली प्रत्येक मैत्रीण कोण ते मला नावानिशी सांगितलं.